पॅरिसला एकट्यानं जाताना: मुंबईकरांसाठी फाइलपासून मेट्रोपर्यंत

पॅरिस म्हटलं की आपल्याकडे हनिमून, नाहीतर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. त्यामुळे "मी एकटीच चाललेय" असं ऑफिसात डबा खाताना सांगितलं की दोन सेकंद सगळे गप्प होतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे टूरबरोबर ना?" टूर नाही, मैत्रीण नाही, नवरा नाही. पहिलं पॅरिस एकट्यानंच बघावं, असं माझं मत आहे. हे शहर चालायचं आणि बसायचं आहे, आणि किती चालायचं, कुठे बसायचं यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही. खरी दमछाक होते ती इथे मुंबईत, कागदपत्रं गोळा करताना. म्हणून या लेखाचा बराचसा भाग विमानात बसण्याआधीचाच आहे.

१. आधी महिना ठरवा

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हाही आपल्याला सकाळी जाकीट लागतंच. जूनअखेरीस सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो. एकट्यानं फिरताना उजेड जितका जास्त तितकं बरं, त्यामुळे हिवाळा दुसऱ्या खेपेला ठेवा. ऑगस्टमध्ये पॅरिसकर स्वतःच सुट्टीवर जातात आणि गल्लीबोळातल्या कितीतरी बेकऱ्या, खानावळी बंद असतात. १४ फेब्रुवारीचा आठवडा मात्र टाळाच. थंडी असते, पाऊस असतो आणि जिकडेतिकडे दोघांसाठीचा सेट मेनू.

२. व्हिसा: इथे घाई नको आणि उशीरही नको

फ्रान्ससाठी शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट) शॉर्ट-स्टे, म्हणजे थोड्या मुक्कामाचा, व्हिसा लागतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. हा १५ दिवसांचा आकडा मुंबईकरानं विसरून जावा. मे महिन्याच्या सुट्टीसाठी निम्मी मुंबई फेब्रुवारी-मार्चमध्ये अपॉइंटमेंट शोधत असते. तीन महिने आधी कामाला लागा.

क्रम असा: 'फ्रान्स-व्हिसाज' या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, त्याची आणि पावतीची प्रिंट काढायची, व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या मुंबई केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची, आणि त्या दिवशी स्वतः जाऊन कागद व बोटांचे ठसे द्यायचे. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे. ते रुपयांत घेतात, वर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

जोडून अॅमस्टरडॅम किंवा ब्रसेल्स करायचं असेल, तर ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. 'अमक्या देशाचा पटकन मिळतो' म्हणून तिथून व्हिसा काढून सगळे दिवस पॅरिसला घालवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका.

फाइलमध्ये काय लागतं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं. जुने पासपोर्ट असतील तर तेही.
- फोटो: ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओत 'शेंगेनसाठी' एवढं सांगितलं तरी पुरतं.
- भरलेला फॉर्म, पावती, कव्हर लेटर.
- विमानाचं जाण्यायेण्याचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा.
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू. पॉलिसीवर हे दोन्ही छापलेलं हवं.
- तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या सही-शिक्क्यासह.
- तीन पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, कंपनीच्या लेटरहेडवर रजा मंजुरीचं पत्र. स्वतःचा धंदा असेल तर जीएसटी किंवा दुकान नोंदणीचे कागद.

कागदांना स्टेपल मारू नका. काउंटरवर सगळं सुटं करून त्यांच्या क्रमानं लावलं जातं, आणि तिथे उभं राहून नखांनी पिना उपसताना मागची अख्खी रांग तुमच्याकडे बघत असते.

आता सापळे. बायकांसाठी पहिला सापळा नावाचा. पासपोर्टवर माहेरचं नाव, पगाराच्या स्लिपवर सासरचं, बँकेत दोन्हींची खिचडी. लग्नाचा दाखला जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एका ओळीत लिहा. दुसरा, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेले दोन लाख. बाबांनी दिले असतील तर तसं त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. बिनस्पष्टीकरणाची मोठी रक्कम शंका निर्माण करते. तिसरा, बनावट हॉटेल बुकिंग करून देणारे एजंट. फुकट रद्द करता येणारं खरं बुकिंग सहज मिळतं, आणि निकाल हातात येईपर्यंत ते रद्द करायचं नाही. परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट मात्र व्हिसाआधी घेऊ नका, सेल कितीही मोठा असो.

३. एकट्याचं कव्हर लेटर

हे वेगळं सांगते, कारण इथे माणसं उगाच पानभर आत्मचरित्र लिहितात. 'एकटं का चाललोय' याची सफाई कुणी मागितलेली नाही. लिहायचं इतकंच: मी पर्यटनासाठी या तारखेपासून या तारखेपर्यंत जात आहे, एकटीनं प्रवास करणार आहे, खर्च माझा मी करणार आहे, रजा मंजूर आहे, अमुक तारखेला कामावर रुजू होणार आहे. खाली तारीख, ठिकाण, मुक्काम असा छोटा तक्ता. विवाहित असाल आणि जोडीदार येत नसेल तर त्याची नोकरी किंवा मुलांची शाळा यासाठी एक ओळ. त्यामुळे तुम्ही परत येणार हेही न बोलता कळतं, आणि वाचणाऱ्याला खरं तर तेवढंच बघायचं असतं.

४. पैसे

फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) एक, आणि दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड एक. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत कुणी नसतं तेव्हा एक पाकीट गेलं म्हणजे सगळंच गेलं, ही एकट्याच्या प्रवासातली खरी जोखीम. रोख १०० ते १५० युरो, तेही सुटे. ५० ची नोट बघून बेकरीवाली कपाळाला आठ्या घालते. क्रेडिट कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये इथूनच चालू करा. तिथल्या मशीननं 'रुपयांत की युरोत' विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडले की त्यांचा दर, आणि तो महागच असतो.

आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ही बातमी खरी आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात क्यूआर कोड शोधू नका.

५. राहायचं कुठे

पॅरिसचे २० विभाग आहेत. पहिला मध्यभागी आणि बाकीचे गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेनं बाहेर फिरत गेलेले. मधून सेन नदी: उत्तरेला उजवा तीर, दक्षिणेला डावा. पत्त्यातल्या पिनकोडाचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभाग, ७५००५ म्हणजे पाचवा. एवढं कळलं की हॉटेलवाल्याचं 'सेंट्रल लोकेशन' किती खरं ते लगेच तपासता येतं.

पहिल्या खेपेला पाचवा (लॅटिन क्वार्टर), तिसरा-चौथा (मारे) किंवा जरा स्वस्तात अकरावा. गार द्यु नोर स्टेशनाजवळ स्वस्त हॉटेलं भरपूर आहेत, विमानतळाची गाडी थेट येते आणि भारतीय जेवण पायाशी. पण रात्री त्या भागात एकट्यानं बॅगा ओढत पत्ता शोधणं नको वाटतं. खोल्या लहान असतात. किती लहान? बॅग जमिनीवर उघडली की दार उघडत नाही इतक्या. एकट्यासाठी खोलीचं भाडं जवळजवळ दोघांइतकंच पडतं, त्यावर माणशी, प्रतिरात्र पर्यटक कर वेगळा. खिसा हलका असेल तर होस्टेलमध्ये फक्त बायकांची डॉर्म मिळते, बुकिंग करताना तसं निवडा. लिफ्ट आहे का हेही आधी बघा.

६. बॅगेत काय नको

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. ताज्या फळांनाही मोजके अपवाद सोडले तर रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळे मेमध्ये जाताना "तिकडच्या भाचीला दोन डझन हापूस दे" म्हणणाऱ्या मावशीला आधीच नाही म्हणा. भडंग, चकली, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दोन गोल पिनांचा आपला मोबाइल चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो. तीन पिनांच्या लॅपटॉपला अॅडॉप्टर लागेल.

७. विमानतळापासून शहरात

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्यानं नवी नोंदणी सुरू झाली. पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे पहिल्या वेळी रांगेत वेळ धरा. हॉटेल, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या प्रिंट हातातल्या पिशवीत हव्यात. 'सगळं मोबाइलमध्ये आहे' हे त्या खिडकीवर सांगायची गोष्ट नव्हे, बॅटरी नेमकी तिथेच मान टाकते.

शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला आरईआर बी ही लोकल आहे. जानेवारी २०२५ मध्ये विमानतळाचं तिकीट १३ युरो ठरलं. दर वर्षी जानेवारीत भाडी बदलतात, तेव्हा निघण्याआधी एकदा बघून घ्या. मेट्रोचं साधं तिकीट विमानतळाच्या या प्रवासाला चालत नाही. पकडलं तर दंड, आणि 'आम्ही नवीन आहोत' हे तिकीट तपासनीस जगात कुठेच ऐकत नाही. टॅक्सीला ठरलेलं भाडं आहे: २०२५ च्या दरानं उजव्या तीरावर ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. ती फक्त बाहेरच्या अधिकृत रांगेतूनच घ्यायची. आगमन दालनात जवळ येऊन हळूच "टॅक्सी?" विचारणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

८. मेट्रो

लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला पॅरिसची मेट्रो एका दुपारीत कळते. गाडी कुठे चालली ते शेवटच्या स्टेशनच्या नावावरून ओळखायचं, जसं आपण कर्जत की कसारा बघतो. लाइनचा नंबर आणि टोकाचं स्टेशन, बास. जुन्या गाड्यांचे दरवाजे आपोआप उघडत नाहीत. दारावर धातूची छोटी खिट्टी असते, ती वर उचलायची; नव्यांना बटण असतं. नवखा माणूस दारासमोर शहाण्यासारखा उभा राहतो आणि स्टेशन निघून जातं.

कागदी तिकिटं आता इतिहासजमा होत चालली आहेत. नाविगो ईझी नावाचं २ युरोचं कार्ड घ्या आणि त्यावर तिकिटं भरा. २०२५ पासून विमानतळ सोडला तर मेट्रो आणि आरईआरचं एकच भाडं आहे (तेव्हा अडीच युरो), बस-ट्रामचं वेगळं (२ युरो). मेट्रोतून उतरून त्याच तिकिटावर बस चालत नाही.

आठवडाभर राहणार असाल तर साप्ताहिक पास बघा. त्यात विमानतळही येतो, म्हणजे पैसे लवकर वसूल. पण हा आठवडा सोमवार ते रविवार असाच धरतात, तुम्ही कधीही घ्या. गुरुवारी पोचून पास काढलात तर रविवारी रात्री संपला. त्यामुळे विमान रविवारी रात्री किंवा सोमवारी पोचणारं मिळालं तर उत्तम. पासासाठी फोटो चिकटवायचं वेगळं कार्ड लागतं. व्हिसासाठी काढलेल्या फोटोंतला एक जवळ असू द्या, कापून चालतो.

शेवटची मेट्रो साधारण सव्वाला, शुक्रवारी-शनिवारी सव्वादोनला. रात्री उशिरा शातले-ले आल या अवाढव्य स्टेशनात गाडी बदलणं टाळा. जमिनीखालचे बोळ लांब आणि ओसाड असतात.

९. कशाचं बुकिंग आधी, कशाचं नाही

लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. हे वार कागदावर लिहून मगच दिवस आखा. लूव्रला वेळेचं तिकीट आधी काढा. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी सहानंतर सहलींच्या झुंडी ओसरतात. मोना लिसापुढची गर्दी मात्र तेव्हाही असतेच, तिथे फार वेळ घालवू नका. गुरुवारी संध्याकाळी ऑर्से.

नोत्र दाम चर्चला २०१९ च्या एप्रिलमध्ये आग लागली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट आहे. ऑनलाइन वेळ राखता येते, तीही फुकट. कुणी चर्चमध्ये नुसतं आत जाण्याचं 'नोत्र दामचं तिकीट' विकत असेल तर तो तुम्हाला टोपी घालतोय.

आयफेल टॉवरची लिफ्टची तिकिटं सुमारे दोन महिने आधी खुली होतात आणि झपाट्यानं संपतात. नाही मिळाली तर हळहळू नका. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जाता येतं, आणि टॉवर दिसतो तो समोरच्या त्रोकादेरो चौकातून. टॉवरवर चढल्यावर शहर दिसतं, टॉवर नाही. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लखलखतो. सगळी जोडपी तेव्हा एकमेकांचे फोटो काढण्यात गुंतलेली असतात. तुम्हाला सलग पाच मिनिटं नुसतं बघता येतं.

१०. एकट्यानं जेवायला बसणं

लोक याला सर्वांत जास्त घाबरतात, आणि हेच तिथे सर्वांत सोपं आहे. कॅफेबाहेरच्या खुर्च्या बघा: टेबल जेमतेम एका ताटाएवढं, आणि खुर्च्या समोरासमोर नाहीत, दोन्ही रस्त्याकडे तोंड करून. जोडीनं आलेली माणसंही रस्ताच बघत असतात. तुम्ही एकटे आहात याची कुणाला पडलेली नसते.

शिष्टाचार एकच, पण तो मोडला की सगळं बिघडतं. दुकानात, कॅफेत, बसमध्येही आधी 'बाँजूर', मग काम. थेट "वन कॉफी" म्हटलं की समोरच्याचा चेहरा आक्रसतो आणि मग आपण घरी येऊन सांगतो की फ्रेंच लोक उर्मट. 'अं कॅफे' मागितलं की चमचाभर कडू काळी कॉफी येते. दुधाची हवी तर 'कॅफे क्रेम'. काउंटरला उभ्यानं प्यायली तर स्वस्त. पाण्यासाठी 'काराफ द'ओ' मागा, नळाचं पाणी फुकट येतं आणि पिण्यालायक असतं. सेवाशुल्क बिलातच असतं, टिप द्यायलाच हवी असं नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही. तुम्हाला विसरले नाहीत, उठवायचं नाही म्हणून. दुपारी बारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतर स्वयंपाकघरं चालू, मधल्या वेळेत बरीच बंद. मोठं जेवण दुपारी घ्या, तेव्हाचा ठरलेला मेनू स्वस्त पडतो.

शाकाहारींनी 'सां व्हियांद, सां प्वासों' पाठ करावं: मांस नको, मासे नकोत. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सर्रास असतात आणि सूप बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. मारेतल्या र्‍यू दे रोझिएरवर फलाफल मिळतं, चविष्ट आणि पोटभर. भाताची आठवण आली की मेट्रोच्या २ नंबर लाइननं ला शापेलला उतरा. तिथे श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती आहे. डोसा, भात, रस्सम सगळं. जवळच श्री माणिक विनायक मंदिर आहे. उन्हाळा संपता संपता तिथल्या गणपतीची रथयात्रा निघते आणि रस्त्यात नारळांचे ढीग फोडले जातात. गणपतीत घरापासून लांब असाल तर तारीख बघून जा. ढोल-ताशा नसतो, नादस्वरम असतं.

११. ठग आणि पाकीटमार

साक्रे कर चर्चच्या पायऱ्यांखाली दोरे घेऊन उभी असलेली मुलं हसत हसत तुमचा हात धरतात, बोटाला दोरा गुंडाळतात आणि गाठ मारून झाली की पैसे मागतात. हात खिशात घालून चालत राहायचं. 'मूकबधिरांसाठी सही करा' म्हणत पॅड पुढे करणाऱ्या मुली, पायाशी सापडलेली 'सोन्याची' अंगठी: सगळे त्याच माळेचे मणी. त्यांना एकटा माणूस दुरून ओळखता येतो. न थांबता 'नों' म्हणायचं, बास. मेट्रोच्या १ नंबर लाइनवर सॅक पुढे घ्या, आपण विरार लोकलमध्ये घेतो तशी. दारालगत मोबाइल हातात धरू नका. दार मिटता मिटता हिसकावतात. फोटो काढून घ्यायचा तर लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला सांगा. तातडीचा क्रमांक ११२.

१२. प्रेमाच्या जागा, एकट्यानं

पों देझार पुलावर कुलूप लावायला चालला असाल तर राहू द्या. प्रेमिकांनी लावलेल्या कुलपांच्या भारानं २०१४ मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला आणि २०१५ मध्ये पालिकेनं सगळी कुलपं काढली. सुमारे ४५ टन निघाली म्हणतात. आता तिथे काचेचा कठडा आहे, आणि पूल संध्याकाळी बसायला झकास आहे. माँमार्त्र भागात आबेस मेट्रोजवळच्या बागेत निळ्या फरशांची भिंत आहे, तिच्यावर २५० भाषांत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' लिहिलंय. सकाळी लवकर गेलात तर फोटोवाल्यांच्या आधी निवांत वाचता येते.

सेनवरची तासाभराची बोट जरूर करा. वरच्या उघड्या डेकवर, काठाची जागा धरून, सूर्यास्ताच्या बेतानं. जेवणाची बोट नको. तिथे टेबलं दोघांची आणि दर चौघांचा.

१३. परतताना

एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी झाली असेल तर व्हॅट परतावा मिळू शकतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा, नंतर मिळत नाही. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी 'डेटॅक्स' लिहिलेल्या यंत्रावर तो स्कॅन करायचा आणि हिरवी खूण आली की काम झालं. एरवी विमानतळावर तीन तास आधी पोचत असाल तर त्या दिवशी चार तास आधी पोचा, आणि घेतलेल्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा. कस्टमवाल्यानं बघायला मागितल्या तर अख्खी बॅग उपसावी लागत नाही.